एकाच बाजूने उघडणारे दार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. तिची मला अजून लाज वाटते. माझा धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. ओसरीवर तो कुणाच्या तरी जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार सोडवत बसला होता. मध्येच त्याने विचारले, "ताई, मी पुढं काय घेऊ?" मी पुस्तकातून मान वर न करता सांगून टाकले, "सायन्स घे. सायन्स घेतलं की पुढं काय वाटेल ते करता येतं." त्याने हातातली तार खाली ठेवली आणि अगदी साध्या कुतूहलाने विचारले, "मग तू आर्ट्सला कशी?"

मी तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. गेली तीन वर्षे या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धांतून कला शाखेची बाजू हिरीरीने मांडत आले. 'मानव्यविद्या नसतील तर विज्ञान आंधळे आहे' अशा धर्तीची वाक्ये फेकून मी टाळ्या मिळवल्या आहेत, आणि एक ढालही. ती घरी स्टीलच्या कपाटावर आहे. त्याच कपाटाखाली बसून सख्ख्या भावाला सल्ला द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शेजारच्या काकांचे वाक्य बाहेर पडले. व्यासपीठावरचे मत वेगळे आणि घरातले वेगळे, असे आपल्या पुढाऱ्यांबद्दल आपण नेहमी म्हणतो. ते स्वतःबद्दल म्हणण्याची पाळी आली, म्हणून हा लेख.

पुष्कळ विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी भावाला सांगितले ते खोटे नव्हते. बारावी विज्ञान झालेला विद्यार्थी बी.ए.ला येऊ शकतो, बी.कॉम.ला जाऊ शकतो, कायद्याकडे वळू शकतो; त्याला कोणी अडवत नाही. पण बारावी कला झालेल्या मुलीला, तिने कितीही अभ्यास करायची तयारी दाखवली तरी, बी.एस्सी., अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी पदवी, वैद्यकीय यांतले काहीही मिळत नाही. दार एकच आहे आणि ते एकाच बाजूने उघडते. उतरंडीतल्या मडक्यांसारखी शाखांची रचना झाली आहे : वर विज्ञान, मध्ये वाणिज्य, तळाला कला. वरून खाली येता येते, खालून वर जाण्याची सोय नाही. अशा वेळी शहाणा आईबाप काय सांगणार? 'वर चढून बस, नको वाटले तर खाली उतर' हेच सांगणार. त्यात विज्ञानाची आवड किंवा कलेचा तिरस्कार असतो असे नाही. निव्वळ भीती असते. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचे मन माहीत नसते हे सगळे जाणतात, म्हणून मन कळेपर्यंत जिथून परतता येते अशा ठिकाणी त्याला ठेवतात. या भीतीपायी हजारो मुले इंद्रधनुष्य न पाहता प्रकाशाच्या अपवर्तनाची सूत्रे घोकतात, आणि आपल्याकडे मात्र उरलेले येतात.

'उरलेले' हा शब्द कठोर वाटेल. पण प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला आमच्या सरांनी विचारले होते, "आवड म्हणून या शाखेला कोण आलं?" भरलेल्या वर्गात सात-आठ हात वर झाले. माझा त्यांत नव्हता. बाकीच्यांची उत्तरे सरांनी एकेक करून ऐकली. 'गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात तीच शाखा होती.' 'फी कमी.' 'घरची शेती बघून करता येतं.' 'भरतीचा अभ्यास करायला वेळ मिळतो.' हे शेवटचे उत्तर सगळ्यांत जास्त आले. आपल्या मैदानावर पहाटे येऊन पाहावे : मुले सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावताना दिसतील. ते धावणे मला कमी लेखायचे नाही. एकेका धावण्यामागे एकेक घर उभे आहे. पण पोलीस भरतीला बारावी पुरते. मग हे तिसऱ्या वर्षापर्यंत शेक्सपिअर आणि भारतीय अर्थव्यवस्था वाचतात ते कशासाठी? वाट पाहण्यासाठी. आमची शाखा हे एक प्रतीक्षालय झाले आहे, आणि प्रतीक्षालयात कोणी भिंतीवरची चित्रे पाहायला जात नाही. शिकवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. कधी कधी त्यांच्या आवाजातून ते कळते.

आता माझे उत्तर. मी त्या दिवशी खोटे बोलले. "मराठी आवडतं," असे सांगितले. खरे उत्तर असे, की मी विज्ञान शाखेतून पडून इकडे आले.

माझी दहावी २०२१ सालची. त्या वर्षी करोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नाही. नववी-दहावीच्या शाळेतल्या गुणांवरून निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. मला ८६ टक्के मिळाले. जी परीक्षा मी दिलीच नाही तिच्या गुणांवर माझी हुशारी ठरली, पेढे वाटले गेले आणि मला विज्ञान शाखेत घातले. 'घातले' हेच क्रियापद बरोबर आहे. शाळेत घालतात तसे. मला विचारले का? विचारले होते. बाबा म्हणाले होते, "सायन्सच ना?" आता याला विचारणे म्हणायचे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

विज्ञान शाखा आमच्या गावापासून चोवीस किलोमीटरवर. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले. दोन-चार आठवडे गेले असतील नसतील, तोच एसटीचा संप सुरू झाला. तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. ज्यांच्या घरी दुचाकी होती ती मुले गेली. काही मुलांनी तालुक्याला खोल्या घेतल्या. मुलीला खोली करून ठेवायची म्हणजे आमच्या घरात तो विषयच निघाला नाही. वडापच्या जीपमधून मी आठवड्यातून दोनदा जायचे. तेही आई सोबत कुणी आहे का ते पाहून पाठवायची तेव्हा. संप करणाऱ्यांचेही पोट होते, त्यांना मी दोष देत नाही. पण अकरावीचे भौतिकशास्त्र मी वर्गात जवळजवळ शिकलेच नाही. बारावीत त्याच्यावर इमले चढले आणि २०२३ साली ५१ टक्क्यांनिशी ते कोसळले. मग मी इथे आले.

म्हणजे शाखा निवडताना बाबांचा एक प्रश्न, न झालेली एक परीक्षा, आणि शाखा सोडताना एसटीचे वेळापत्रक. या साऱ्यात माझी 'निवड' कुठे होती? आपले मार्गदर्शक लेख 'आवड, कल आणि क्षमता ओळखून क्षेत्र निवडा' असे सांगतात. खेड्यातली मुलगी क्षेत्र निवडत नाही, बस निवडते. परत घरी दिवेलागणीच्या आत पोहोचवणारी बस ज्या कॉलेजापर्यंत जाते, त्या कॉलेजात जी शाखा असते, ती तिची आवड.

ही गोष्ट नवी मुळीच नाही. विषय कुणी निवडायचा हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून हक्काचा प्रश्न आहे. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते घेऊ दिले नाही, आणि त्यांना दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला, पण त्या नकाराची कोणी भरपाई केली नाही. आमच्याच घरातले उदाहरण द्यायचे तर माझी थोरली आत्या. ती जुन्या अकरावी मॅट्रिकच्या शेवटच्या काही तुकड्यांतली. तेव्हा शाळेतच बीजगणित-भूमिती सोडून सोपे गणित घेता येई. मुलीच्या जातीला बीजगणित काय करायचे, असे म्हणून तिला सोप्या गणिताच्या तुकडीत बसवले. ती आता सत्तरीकडे झुकली आहे. सोसायटीच्या सचिवाला व्याजाची चूक तोंडी काढून दाखवते. एकदा मला म्हणाली, "मला बीजगणित म्हणजे काय तेवढं एकदा सांग गं. सगळे एक्स-एक्स म्हणतात, तो एक्स म्हणजे कोण?" मी तिला दोन दुपारी बसून शिकवले. समीकरण सुटले तेव्हा तिने माझ्याकडे न पाहता वही मिटली.

सरकारी पातळीवर या प्रश्नाचा विचार झाला नाही असे नाही. उलट फार झाला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा काढायला सांगितले. त्यांत मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला, गृहविज्ञान असे सात गट, आणि माध्यमिक शाळेतच मुलांनी त्यातून एक घ्यायचा. या शाळा फारशा रुजल्या नाहीत. पुढे १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने हे चाक उलटे फिरवले. दहावीपर्यंत सर्वांना सारखे सर्वसाधारण शिक्षण द्यावे, वेगळ्या वाटा त्यानंतर फोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांच्या अहवालातूनच दहा-अधिक-दोन-अधिक-तीन ही रचना आली, आणि महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. आयोगाची अपेक्षा अशी होती, की दहावीनंतरच्या टप्प्यावर निम्मी मुले व्यवसायशिक्षणाकडे वळतील. ती वळली नाहीत. मधली दोन वर्षे ही स्वतंत्र पायरी न होता पदवीच्या दाराशी उभी राहायची रांग झाली, आणि त्या रांगेत शाखांची उतरंड पक्की झाली. म्हणजे आयोगाने निवड पंधराव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली हे चांगलेच केले. पण पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी बदलायचा झाला तर काय, याची तजवीज कोणी केली नाही.

इथे मला कोणी डॉ. श्रीराम लागूंचे उदाहरण देईल. माणसाने काहीही शिकावे, अखेर आवड जिंकतेच, हे पटवण्यासाठी ते नेहमी दिले जाते. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरकी सोडून ते पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. दौंडला दवाखाना चालवणारे डॉ. जब्बार पटेल नाटक-चित्रपटांचे दिग्दर्शक झाले. या दोघांविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांची उदाहरणे नेमके माझेच म्हणणे सिद्ध करतात. डॉक्टर नट होऊ शकतो. पंधराव्या वर्षी कला शाखा घेतलेला नट बेचाळिसाव्या वर्षी शल्यविशारद झाल्याचे एक तरी उदाहरण दाखवावे! तसे उदाहरण सापडत नाही, आणि त्याचे कारण नटांना बुद्धी नसते हे खचित नव्हे. नियमच तसा आहे.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची हकीकत सांगते. नाव सांगत नाही; तिची परवानगी घेतली आहे. तिला दहावीत माझ्यापेक्षा जास्त गुण होते. गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात कला शाखाच होती, म्हणून तिने कला घेतली. बारावीच्या वर्षी तिची आजी आजारी पडली. ग्रामीण रुग्णालयात महिनाभर ये-जा करताना तिला आपल्याला परिचारिका व्हायचे आहे हे कळले. चौकशी केली तर बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते. संपले. ती बी.ए.ला आली. दोन वर्षे माझ्या शेजारी बसून तिने राज्यशास्त्राच्या टिपणवह्या काढल्या, अक्षर मोत्यासारखे, आणि चेहऱ्यावर काही नाही.

गेल्या वर्षी त्याच रुग्णालयातल्या एका सिस्टरांनी तिला सहज विचारले, "तू जीएनएम का नाही केलंस?" तेव्हा तिला प्रथम कळले की जीएनएम या पदविका अभ्यासक्रमाला कला शाखेचे विद्यार्थीही चालतात; बारावीला इंग्रजी आणि चाळीस टक्के गुण लागतात. ते झाल्यावर पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगही करता येते. म्हणजे एक वाट उघडी होती! वळणाची, पण होती. तिच्या शाळेत, ज्युनिअर कॉलेजात, आणि (प्राध्यापक मंडळींनी रागावू नये) आपल्या महाविद्यालयातही ती तिला कोणी दाखवली नाही. कोणी मुद्दाम लपवली असे नाही. कुणालाच माहीत नव्हती. दोन वर्षे गेली. ती म्हणते, "वाया नाही गेली गं, वाचायला लागले." पण हे म्हणताना ती माझी समजूत घालते की स्वतःची, ते मला कळत नाही.

दहावीच्या मुलांना मार्गदर्शन म्हणून जे मिळते त्याचा अनुभव बहुतेकांना असेल. वर्षातून एकदा सभागृहात सतरंजी, एक पाहुणे, एक गुलाबपुष्प. पाहुणे बहुधा शिकवणीवर्गाचे चालक असतात, आणि भाषणाच्या शेवटी त्यांची माहितीपत्रके वाटली जातात. सोळा वर्षांखालच्या, दहावीची परीक्षा न झालेल्या मुलांना शिकवणीवर्गांनी प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढली. आमच्या बाजारपेठेतल्या भिंतीवर मात्र 'आठवीपासून फाउंडेशन' ही अक्षरे अजून ताजी आहेत. त्याआधी, २०१६ पासून, राज्य सरकारने दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायला सुरुवात केली होती. हेतू चांगला होता. कृषी, वाणिज्य, ललित कला वगैरे सात क्षेत्रांपैकी तुमचा कल कुठे आहे ते त्यातून कळे. माझ्या चुलतभावाचा कल 'गणवेशधारी सेवा' असा आला. सगळे घर हरखले. तो आता सव्वीस वर्षांचा आहे, आणि आपल्याच मैदानावर पहाटे धावतो. कल कुठे आहे ते कागदाने बरोबर सांगितले असेल. तिथे जायचे कसे, आणि जाता आले नाही तर दुसरे काय, हे त्यावर नव्हते.

याचा अर्थ पंधराव्या वर्षी निवड करूच नये असा मी काढत नाही. 'मुलांना विशीपर्यंत मोकळे सोडा, त्यांना स्वतःला शोधू द्या' असे एका व्याख्यानात ऐकले होते. ऐकायला फार गोड वाटले. पण विशीपर्यंत स्वतःला शोधण्याचा खर्च कोण करणार? ज्या घरी विसाव्या वर्षी कमाईचा एक हात लागतो, त्या घरच्या मुलाला लवकर ठरवावेच लागते, आणि लवकर ठरवण्यात कमीपणाही नाही. जर्मनीत तर बहुतेक प्रांतांत मुले दहा वर्षांची होतात न होतात तोच त्यांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागतात. त्यावर तिथेही टीका होते. पण नोकरी करता करता संध्याकाळच्या शाळेत जाऊन विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा देण्याचा दुसरा रस्ता त्यांनी ठेवला आहे. लवकर ठरवायला लावता, तर चूक दुरुस्त करायचीही सोय करा, एवढे साधे गणित आहे.

आणि ही सोय अशक्य नाही. आपल्याकडेही ती कुठे कुठे आहे. दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षे केलेला मुलगा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो, आणि पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. शिडी आहे. लोक चढतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, त्यातून किती तरी गृहिणी पदवीधर झाल्या. एवढेच कशाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ठरवले की बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्याने ते नंतर जादा विषय म्हणून उत्तीर्ण केले तर त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसता येईल. सगळ्यांत कडक दार किंचित किलकिले होऊ शकते, तर बाकीची का नाहीत? बारावी कला झालेल्या मुलीने एक वर्ष घालून भौतिक आणि गणित पुरे केले, परीक्षा दिली, ती उत्तीर्ण झाली, तर तिला बी.एस्सी.ला घेण्यात विद्यापीठाचे काय बिघडते? नापास झाली तर तिचे वर्ष जाईल. ते तिचे तिला ठरवू द्या.

जुलै २०२० मध्ये आलेल्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात ताठर भिंती असू नयेत असे स्वच्छ लिहिले आहे. आपल्या महाविद्यालयात आमच्या मागच्या वर्गापासून मेजर-मायनरची भाषा सुरू झाली. पण शाळेच्या दाराशी चित्र निराळे आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. खेड्यातली मुलेही मोबाइलवर फॉर्म भरू लागली, दहापर्यंत पसंतीक्रम देऊ लागली. शाखा मात्र त्याच तीन : कला, वाणिज्य, विज्ञान. कागद गेला, पडदा आला, उतरंड तशीच.

हे सगळे झाल्यावर कोणी विचारील, मग तू स्वतः कला शाखेत सुखी आहेस की नाही? प्रश्न रास्त आहे. पहिले वर्ष मी रडतखडत काढले. दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या तासाला बाईंनी आमच्या तालुक्याचा स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरला. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषांतून आमच्या गावचा ओढा कुठून उगम पावतो, तो फेब्रुवारीतच का आटतो, हे मला पहिल्यांदा दिसले. जन्मभर त्या ओढ्याच्या काठी राहून जे कळले नव्हते ते एका कागदावर कळले. त्या दिवसापासून मी या शाखेची झाले. पण मी इथे अपघाताने पोहोचले, आणि अपघाताने एखादीला घर मिळाले म्हणून अपघाताचे गोडवे गाऊ नयेत. शिवाय पुढे मला दूरसंवेदन शिकायचे आहे. त्यासाठी ते बारावीचे मोडकेतोडके गणित मी पुन्हा उघडून बसले आहे. तेव्हा सायन्सची ती दोन वर्षेही सर्वस्वी वाया गेली असे मला म्हणता येत नाही, आणि इथेच माझी पंचाईत होते. 'सायन्स घे' म्हणणारे काका अर्धे खरे ठरतात!

राहिला भाऊ. त्याला विहिरीवरच्या मोटारी भरायला शिकायचे आहे. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरला की आमच्या शिवारात रोज कुणाची ना कुणाची मोटार जळते. भरून आणायला तालुक्याला न्यावी लागते. तोवर पीक तोंडाकडे बघत उभे. शेजारच्या दुकानात बसून तो वेढे मोजायला शिकला आहे. गणितात हुशार, चाचणीत पंचेचाळीसच्या खाली नाही. म्हणून तर पंचाईत. कमी गुणांचा असता तर बाबांनी त्याला स्वतः आयटीआयच्या दारात नेऊन सोडले असते. हुशार मुलाने हाताने काम करायचे म्हणजे घराला कमीपणा. सायन्स घे म्हणून त्याला सांगणाऱ्यांत मीही होते, हे आरंभी कबूल केलेच आहे.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी त्याला वीजतंत्री अभ्यासक्रमाची सगळी माहिती सांगितली. तिथून पदविकेला, पदविकेहून पदवीला कसे जाता येते तेही वहीच्या पानावर बाण काढून दाखवले. सायन्स घेतले तर काय होईल, तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिले. आर्ट्सचा बाण काढायला गेले. पेन थोडा वेळ तसाच राहिला. मग मी तो काढला, त्याच्यापुढे भूगोल, कायदा, शिक्षणशास्त्र, पत्रकारिता असे सुचेल ते लिहिले, आणि एका बाजूला 'इथून वर जायची सोय नाही' असेही लिहिले. तो म्हणाला, "ही वही शाळेत नेऊ का? वर्गातली पोरं विचारतात." आता ती वही त्यांच्या वर्गात फिरते आहे. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी आपण रस्ता झाडतो आणि पथनाट्य करतो. यंदा आजूबाजूच्या शाळांतल्या दहावीच्या वर्गांत अशा वह्या नेता येतील का, असे मी सरांना विचारले आहे. नर्सिंगवाली मैत्रीण यायला तयार आहे. तिचा जीएनएमचा अर्ज या उन्हाळ्यात जायचा आहे.

बाबांशी अजून बोलणे झालेले नाही. निघताना आयटीआयचे माहितीपत्रक मी टीव्हीवर ठेवून आले, बातम्या लावताना हाताला लागेल असे. आईने फोनवर सांगितले, की त्यांनी ते उचलले, चष्मा लावून दोन पाने वाचली, आणि पुन्हा होते तिथेच ठेवले. फेकले नाही.